दवबिंदूचा टब

ऑगस्टमध्ये एका विद्यार्थ्याने सड्यावरून दवबिंदूची दोन रोपं उपटून आणली. पानांवरच्या चिकट थेंबांत चिलटं अडकलेली. मी हौसेने कुंडीत लावली, शेणखत घातलं, बोअरचं पाणी दिलं. आठवड्यात काळी पडली. चूक माझीच! जांभ्यावर नत्र फार कमी, म्हणून तर ही वनस्पती कीटक पकडते. खत आणि क्षार तिला सोसत नाहीत.

आता अंगणात, भर उन्हात टब ठेवलाय. छिद्र तळाला नाही, काठाखाली दोन इंचांवर. आत धुतलेली नदीची वाळू आणि कोकोपीट, पाणी फक्त पावसाचं. अम्मी विचारतात, ‘डास खाईल का?’ थोडे खाईल. पण वर पाणी तुंबलं तर जास्त पैदा होतील.

रोपवाटिकेतून रोप मिळेपर्यंत टब रिकामाच. सड्यावरची रोपं बी पडण्याआधी उपटली, तर पुढच्या पावसात तिथे उगवणार काय?