घर-अंगण : करवत हातात, पाय जमिनीवर



मृग लागण्याच्या आधीचे पंधरा-वीस दिवस आपल्या वाशीम जिल्ह्यात घरोघरी एक काम हमखास निघते. अंगणातला निंब टिनांवर झुकलेला असतो, शेवग्याची फांदी शेजाऱ्याच्या भिंतीपलीकडे गेलेली असते, आणि वावधन सुटले की काय मोडून पडेल याचा नेम नसतो. पूर्वी या कामासाठी कुऱ्हाड घेऊन झाडावर चढणारा माणूस शोधावा लागे. आता बॅटरीवर चालणारी, एका हातात मावणारी साखळीची करवत बाजारात आणि घरपोचही मिळते. लोक तिला 'मिनी चेनसॉ' म्हणतात. पाते ४, ६ किंवा ८ इंचांचे आणि लहान मशीनचे वजन एक-दीड किलोच्या आसपास. पेट्रोल नको, दोरी ओढून सुरू करणे नको, कानठळ्या बसवणारा आवाज नको. घरातल्या बाईलाही कोणाची वाट न पाहता परसातली छाटणी करता येते. ही सोय मोठीच आहे. पण करवत हलकी झाली म्हणून काम हलके झाले, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. आजचा लेख त्यासाठीच आहे.

जर्मनीत आंद्रेआस श्टील या गृहस्थांनी १९२६ साली विजेवर चालणारी साखळीची करवत तयार केली. तिचे वजन ४८ किलो होते आणि ती चालवायला दोन माणसे लागत. पुढे यंत्रे लहान होत गेली. १९९१ पासून लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली. ज्या शोधाबद्दल २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल तिघा शास्त्रज्ञांना मिळाले, तोच हा शोध. मोबाईलमध्ये असते त्याच जातीची ही बॅटरी आज करवतीच्या मुठीत बसली आहे. ४८ किलोची मशीन पाहून माणूस आपोआप सावध होत असे. दीड किलोची मशीन पाहून तो सावध होत नाही. धोका इथेच आहे.

साधा हिशेब करून पाहा. १० सेंटिमीटर पात्याच्या एका नामांकित छोट्या करवतीची साखळी सेकंदाला ८ मीटर धावते. काही विपरीत घडले तर ते ध्यानात येऊन हात मागे घ्यायला माणसाला निदान पाव सेकंद लागतो. तेवढ्या वेळात २ मीटर साखळी, दातांसकट, पुढे गेलेली असते. विळा लागला तर चीर पडते. साखळी लागली तर मांस ओरबाडून निघते.

चालवताना

बहुतेक अपघात दुसऱ्या हाताला होतात. उजव्या हातात मशीन आणि डाव्या हाताने फांदी धरलेली, अशा वेळी फांदी तुटताच मशीन झटक्याने खाली येते आणि समोर डावा हातच असतो. म्हणून जमेल तिथे दोन्ही हात मशीनवर ठेवावेत. फांदी धरायचीच असेल तर कापापासून निदान हातभर दूर धरावी. पात्याच्या टोकाचा वरचा भाग कशालाही टेकू देऊ नये. तो टेकला की मशीन उसळी मारून अंगावर येते. मशीन चेहऱ्याच्या रेषेत न धरता थोडी बाजूला धरावी.

भगिनींनी पदर किंवा ओढणी खोचून घ्यावी, केस बांधावेत, हातातल्या सैल बांगड्या उतरवून ठेवाव्यात. डोळ्यांना साधा पारदर्शक चष्मा, हातात मोजे आणि पायात चपलेऐवजी बूट असावेत. मुलांना घरात पाठवावे. काम थांबले की आधी बॅटरी काढावी, मगच मशीन खाली ठेवावी. साखळी ताणायची असो की अडकलेली काडी काढायची असो, बॅटरी बाहेर असल्याशिवाय साखळीला बोट लावू नये.

सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे पाय जमिनीवर आणि मशीन खांद्याच्या खाली. शिडीवर उभे राहून करवत चालवू नये. झाडावर चढून तर नाहीच. शेवग्याचे लाकूड अत्यंत ठिसूळ असते, ते माणसाचे वजन पेलत नाही. उंचावरच्या बारीक फांद्यांसाठी लांब दांड्याची करवत मिळते, ती जमिनीवरून वापरावी. तिनेही जे हाती येत नाही ते आपले काम नव्हे, हे मान्य करावे.

विकत घेताना

डब्यावर २१, २४, ३६, ४८ असे व्होल्टचे मोठमोठे आकडे छापलेले असतात. त्यांना भुलू नये. लिथियमच्या एका सेलचा साधारण दाब ३.६ व्होल्ट आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट. म्हणजे पाच सेलची बॅटरी एका हिशेबाने १८ व्होल्टची आणि दुसऱ्या हिशेबाने २१ व्होल्टची. वस्तू एकच. बॅटरीत सेल किती, ती किती अँपिअर-तासांची आणि जादा साखळी व बॅटरी जवळपास मिळेल का, हे विचारावे. चालू करण्याच्या खटक्याला निराळे सुरक्षा बटण आणि पात्यावर झाकण नसेल ती मशीन स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

४ इंची पात्याने मनगटाएवढी फांदी सुखाने कापली जाते. त्याहून जाड फांदीवर जोर लावला की मोटर तापते आणि पाते अडकते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो. अशी बॅटरी ४५ अंशांपुढे चार्ज करू नये, असे कंपन्याच सांगतात. उन्हात ठेवलेली किंवा नुकतीच कामावरून काढलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये. सावलीत निवू द्यावी आणि सकाळी किंवा रात्री, घरात कोणी जागे असताना चार्ज करावी. फुगलेली बॅटरी वापरू नये.

पुष्कळ छोट्या मशीनमध्ये तेल आपोआप येत नाही. तेव्हा सुरुवातीला आणि मग दर दहा-पंधरा मिनिटांनी साखळीवर तेलाचे चार थेंब सोडावेत. पात्याच्या वरच्या बाजूला दातांची धार पुढे, टोकाकडे असावी. साखळी उलटी बसली तर करवत कापत नाही, नुसती घासते. कापताना चुऱ्याऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला की धार गेली असे समजावे. अंगणातल्या निंबाला कपडे वाळत घालण्याची तार आणि जुने खिळे असतात, ते आधी शोधावेत. साखळी खिळ्यावर गेली तर धार जाते आणि तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो.

झाडाच्या बाजूने

आता झाडाचा विचार. अमेरिकेच्या वन खात्यातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडांची खोडे चेनसॉनेच उभी चिरून आतली स्थिती तपासली. त्यांनी दाखवून दिले की झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड जखमेभोवती आतून भिंत घालते आणि बाहेरून नवे लाकूड वाढवून ती झाकते. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडे असते. हे काम तिथून चालते. म्हणून फांदी खोडाला घासून कापू नये, कडे शाबूत ठेवावे. लांब खुंटही ठेवू नये, तो कुजतो.

जाड फांदी तीन कापांत काढावी. पहिला काप खोडापासून वीतभर अंतरावर खालच्या बाजूने, जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. हा काप घेताना मशीन आपल्याकडे रेटते, म्हणून पकड घट्ट हवी. दुसरा काप त्याच्या दोन-तीन बोटे पुढे, वरून. फांदी साल न ओढता मोकळी पडते. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने कड्याच्या बाहेर काढावा. जखमेवर डांबर किंवा ऑइल पेंट फासून झाडाचे भले होत नाही. एका वेळी पाव हिश्श्याहून अधिक झाड उतरवू नये. घरटे दिसले तर पिले उडेपर्यंत ती फांदी राहू द्यावी.

परसात संत्रा किंवा लिंबू असेल तर तोड झाल्यावर सल, म्हणजे वाळलेल्या काड्या, थोडा हिरवा भाग घेऊन काढाव्यात. कापांवर बोर्डो मलम लावावे. प्रमाण १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी. दोन-चार झाडांना याचा दहावा हिस्सा पुरतो. मलम प्लॅस्टिकच्या बादलीत कालवावे, लोखंडी भांड्यात नको. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना पाते पुसून जंतुनाशकाने स्वच्छ करावे, नाहीतर रोगही सोबत जातो. अधिक माहिती रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्रात विचारता येईल.

परवानगी आणि तारा

झाड आपल्या अंगणात आहे म्हणून वाटेल तसे तोडता येत नाही. वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर या शहरांत राहणाऱ्यांना १९७५ चा नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे, हेही त्या कायद्यात 'झाड तोडणे' या व्याख्येत येते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून जुन्या झाडांना 'प्राचीन वृक्ष' म्हणून अधिक संरक्षण मिळाले. काडीकचरा काढणे निराळे. मोठी फांदी उतरवायची असेल तर नगर परिषदेत अर्ज देऊन लेखी परवानगी घ्यावी. खेड्यात आंबा, चिंच, मोह, जांभूळ, साग या झाडांना १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे. तिथे आधी वन खात्याच्या कार्यालयात विचारावे.

फांदी विजेच्या तारेजवळ असेल तर मशीन हातात घेऊच नये. ओल्या फांदीतून वीज उतरते आणि मशीन बॅटरीची असल्याने माणूस वाचत नाही. महावितरणला १९१२ वर कळवावे. पावसाळ्यापूर्वी तारांवरच्या फांद्या काढणे हे त्यांचे नेहमीचे काम आहे.

चढणाऱ्या माणसाविषयी

शेवटी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. हे सारे वाचून आपण स्वतः झाडावर चढणार नाही. पण पुष्कळदा असे होते की रोजाने एक माणूस बोलावला जातो, आपली नवी मशीन त्याच्या हाती दिली जाते आणि त्याला म्हटले जाते, "चढ बाबा वर." त्याने ती मशीन आयुष्यात पहिल्यांदाच धरलेली असते. कुऱ्हाडीच्या सवयीने तो एका हाताने फांदी धरतो आणि दुसऱ्या हाताने करवत चालवतो. खाली आपण "जरा आणखी वरची काढ" म्हणून बोट दाखवत असतो. जे आपल्या मुलाने करू नये असे आपल्याला वाटते, ते दुसऱ्याच्या मुलाला पैसे देऊन करायला लावू नये. तो पडला तर आपली फांदी राहील, त्याच्या घराची मात्र रोजीच जाईल. आपल्यापैकी किती घरांनी अशी रोजी जाताना पाहिली आहे, ते सांगायला नको.

उंच झाडाला दोर, कमरपट्टा आणि शिरस्त्राण असलेला सराईत माणूसच लावावा. तो जास्त मजुरी मागेल. ती द्यावी. विहाराच्या आवारातल्या मोठ्या पिंपळाबाबतही हेच. लहान मशीन घेऊन उत्साही पोरांनी त्यावर चढू नये. शिवाय झुकलेली प्रत्येक फांदी तोडलीच पाहिजे असेही नाही. श्रीलंकेत अनुराधापूरच्या बोधिवृक्षाच्या फांद्यांना खालून टेकू देऊन त्या जपल्या आहेत. काही ठिकाणी करवतीपेक्षा एक बळकट टेकू अधिक उपयोगी पडतो.

तेव्हा छाटणी अवश्य करा. जाड काड्या सरपणाला ठेवा, पाला खड्ड्यात घाला, अंगण मोकळे करा. एवढेच पाहा की संध्याकाळी मशीन डब्यात जाताना काम करणाऱ्या प्रत्येकाची दहाही बोटे जागच्या जागी असावीत.