बटण जड की बोट?

लिपिक-टंकलेखक पदासाठी मिनिटाला मराठीचे ३० किंवा इंग्रजीचे ४० शब्द लागतात. त्यासाठी सातारा-सांगलीकडची मुले तासन्‌तास सराव करतात आणि त्यातली काही मनगट धरून आमच्या ओपीडीत येतात. हल्ली प्रश्नही ठरलेला असतो: "सर, मेकॅनिकल कीबोर्ड घेतलाय, पण बटणं जड आहेत. हलकी करून घेतली तर दुखायचं थांबेल का?"

हलकी करता येतात, हे खरे. या कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच आणि त्यात एक बारीक स्प्रिंग असते. नेहमीच्या लाल स्विचला साधारण ४५ ग्रॅम दाब लागतो, काळ्याला ६०. स्विच उघडून नरम स्प्रिंग घातली की दाब उतरतो. ग्रीसने मात्र फक्त खरखर जाते, स्प्रिंग नरम होत नाही. शिलाई मशिनचे तेल तर त्यात अजिबात सोडू नये.

पण बटण खरेच जड आहे का, हे आधी पाहा. दहा रुपयांचे नाणे पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरते. बटणावर अलगद एकेक नाणे रचत जा आणि कितव्या नाण्याला अक्षर उमटते ते मोजा. आंतरराष्ट्रीय मानकाने साधारण ५० ते ८० ग्रॅम दाब पसंतीचा मानला आहे, म्हणजे सात ते दहा नाणी. तेवढ्यात अक्षर उमटले, तर दोष स्प्रिंगचा नाही.

मग दुखते कशाने? बऱ्याचदा आपल्याच जोराने. टंकलेखन करणारी माणसे गरजेच्या कितीतरी पट जोराने बटण दाबतात, हे मोजून पाहिलेले आहे. जुन्या टाइपरायटरवर तो जोर लागायचाच, कारण बोटाच्या धक्क्यानेच अक्षराचा दांडा रिबनवर आपटायचा. यंत्र गेले, ठोकायची सवय राहिली. मेकॅनिकल बटण साधारण ४ मिलिमीटर खाली जाते, अक्षर मात्र बहुतेक स्विचमध्ये २ मिलिमीटरलाच उमटते. पुढची आपट फुकटची. स्प्रिंग नरम केली आणि जोर तोच ठेवला, तर बोट तळावर आणखीच जोरात आदळणार. शिवाय परीक्षा केंद्रावर जो कीबोर्ड समोर येईल त्यावरच वेग दाखवायचा असतो. ३५ ग्रॅमला सरावलेले बोट तिथे अडखळते. म्हणून परीक्षार्थींनी ४५ ग्रॅमच्या खाली जाऊ नये, असे माझे मत आहे.

टायपिंग क्लासचालकांनी वेगाबरोबर हलका हातही शिकवावा. टेबल कोपराच्या उंचीचे हवे, मनगट वर मुडपलेले नको, आणि अर्ध्या तासाने हात मोकळे सोडायला दोन मिनिटे द्यावीत. यात खर्च कसलाच नाही.

अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला रात्री मुंग्या येऊन झोपमोड होत असेल, किंवा हातातून वस्तू निसटू लागल्या असतील, तर मात्र कीबोर्ड उघडत बसू नका. मनगटात शीर दबल्याची ती लक्षणे असू शकतात. मधुमेह, थायरॉइडचा विकार आणि गरोदरपणातही हा त्रास दिसतो. तेव्हा डॉक्टरांकडे जा आणि रक्तातली साखर व थायरॉइड तपासायची गरज आहे का, तेही विचारा.