लेखणी बदलली, खतावणी तीच

दहावीचा निकाल लागून अकरावीचे वर्ग सुरू झाले की व्यापारी घरांत एक प्रश्न हमखास निघतो : वर्गातील टिपणे काढण्यासाठी मुलाला किंवा मुलीला लेखणीने लिहिता येईल असा टॅब्लेट घ्यावा काय, आणि घ्यावा तर कोणता? प्राचीन बारवेसाठी ओळखल्या जाणाऱ्या, परभणी जिल्ह्यातील वालूरसारख्या गावी राहणाऱ्या कुटुंबाला हा निर्णय अधिक जपून घ्यावा लागतो. यंत्र घरबसल्या मागवता येते. परंतु हातात घेऊन चार ओळी लिहून पाहायच्या, तर सेलू, परभणी किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. तो प्रवास टाळू नये. कापडाचा पोत न पाहता ठाण न उचलणारा व्यापारी मुलाची लेखणी मात्र चित्र पाहून घेतो, हे विसंगत आहे.

प्रथम हेतू निश्चित करावा. राज्य शासनाच्या ‘महाज्योती’ संस्थेने पात्र विद्यार्थ्यांना प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी टॅब्लेट आणि दररोज 6 जीबी इंटरनेट दिले. त्यांचा मुख्य उपयोग ऑनलाइन पाठ पाहण्यासाठी होता. पाठ पाहण्याची पाटी वेगळी आणि तासभर झरझर लिहिण्याची पाटी वेगळी. साध्या टॅब्लेटवर रबरी टोकाची स्वस्त लेखणी चालते. पण पडद्याला ती बोटासारखीच वाटते. अक्षर जाड उमटते आणि तळहात टेकला की नको तेथे रेघ उठते.

लिहिण्यासाठी बनविलेल्या यंत्रांत मुख्यतः दोन प्रकार आढळतात. एका प्रकारात लेखणीला लिहिण्यासाठी बॅटरी लागत नाही. पडद्याखालील विद्युतचुंबकीय जाळी तिला शक्ती पुरवते. वॅकॉम कंपनीचे हे तंत्र सॅमसंगच्या एस पेनमध्ये आहे. दुसऱ्या प्रकारात लेखणीला स्वतःची बॅटरी असते. अ‍ॅपल पेन्सिल या वर्गातील होय. अक्षर दोन्हींत उत्तम येते. मात्र जेथे वीज वेळी-अवेळी जाते, तेथे चार्ज करावयाच्या वस्तूंत आणखी एकीची भर घालावी काय, याचा विचार गृहिणीनेही करावा. कारण सकाळची धावपळ तिलाच निस्तरावी लागते.

दुकानात गेल्यावर विद्यार्थ्याने स्वतः परीक्षा घ्यावी. जमा-नावेचे पूर्ण खाते आखून त्यात दहा रकमा लिहाव्यात. नंतर मराठीचा एक परिच्छेद नेहमीच्या वेगाने उतरवावा. शिरोरेषा तुटते काय, जोडाक्षरे गिचमिड होतात काय, अक्षर लेखणीच्या मागे रेंगाळते काय, हे पाच मिनिटांत कळते. दहा-अकरा इंचांचा पडदा बहुतेकांना पुरतो. त्याहून लहान घेतल्यास ताळेबंदाच्या दोन बाजू एका पानावर मावत नाहीत.

आता किंमत. काही यंत्रांबरोबर लेखणी मिळते, काहींची वेगळी घ्यावी लागते. म्हणून यंत्र, लेखणी, आवरण आणि लेखणीची सुटी टोके यांची बेरीज करूनच तुलना करावी. दुरुस्ती कोठे होते, हेही बिल करण्यापूर्वी विचारावे. ‘शून्य व्याजा’च्या हप्त्यांचा मोह आवरावा. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावले होते. रोखीने घेतल्यास मिळणारी सूट हप्त्यांत अनेकदा मिळत नाही. क्रेडिट कार्डावर हप्ते घेतल्यास व्याजाच्या भागावर 18 टक्के जीएसटी लागतो, आणि प्रक्रिया शुल्क निराळे.

आणखी एक मोह व्यापारी घरालाच पडतो : बिल दुकानाच्या नावे घ्यावे आणि 18 टक्के कराचे इनपुट क्रेडिट मिळवावे. जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) नुसार वैयक्तिक वापराच्या वस्तूवर हे क्रेडिट मिळत नाही. मुलाची टिपणे हा दुकानाचा व्यवहार नव्हे. पुढे चौकशी झाल्यास कर, व्याज आणि दंड भरावा लागेलच. पण त्याहून मोठे नुकसान घरात होते. लेखाशास्त्र शिकण्यासाठी आणलेल्या वस्तूची पहिली नोंदच खोटी असल्याचे मूल पाहते. अचौर्य व्रताचा धडा बिलाच्या कागदावरही दिला जातो.

यंत्र घेतले म्हणजे टिपणे झाली असे नाही. पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर यांनी अमेरिकेत केलेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, संगणकावर टंकलेखन करणारे विद्यार्थी वक्त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवताना आढळले. हाताने लिहिणारे कमी शब्दांत लिहीत होते आणि संकल्पनांवरील प्रश्नांना अधिक चांगली उत्तरे देत होते. नंतर इतरांनी केलेल्या प्रयोगांत गुणांतील फरक इतका ठळक दिसला नाही. तेव्हा केवळ साधनावर भिस्त ठेवणे योग्य नव्हे.

आपल्या पेढ्यांना हे पूर्वीपासून ठाऊक होते. दिवसभराचे व्यवहार रोजमेळात उतरत; पण कोणाकडे किती येणे आहे, हे संध्याकाळी खतावणी झाल्यावरच उमगे. वर्गातील टिपण हा रोजमेळ आहे. घरी येऊन त्यातील मुद्दे आपल्या शब्दांत वेगळे मांडणे, ही खतावणी. टॅब्लेट पहिले काम सोपे करतो. दुसरे विद्यार्थ्यालाच करावे लागते.

ही खतावणी कागदावर, साध्या पेनने करावी. बारावीच्या वाणिज्य शाखेची 80 गुणांची उत्तरपत्रिका आजही 3 तास कागदावरच लिहावी लागते. हाताचा सराव सुटला तर तेथे वेळ अपुरा पडतो. शिवाय दर रविवारी टॅब्लेटवरील टिपणे पीडीएफ करून दुसऱ्या ठिकाणी जतन करावीत. लाल कापडात बांधलेली वही पन्नास वर्षांनीही उघडते. एखाद्या अ‍ॅपमध्ये अडकलेली वही ते अ‍ॅप बंद पडताच मिटते.

वालूरहून सेलूला किंवा परभणीला शिकायला जाणाऱ्या मुलीच्या हाती टॅब्लेट देताना वडिलांनी एकच विचारावे : “आजची खतावणी झाली का, बाळ?” रोज हा प्रश्न विचारण्याची तयारी घरात असेल, तर टॅब्लेट अवश्य घ्यावा. ती नसेल, तर यंदा चांगल्या कागदाच्या सहा वह्या पुरेत.