जोडीचा पैलवान

अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीचा इतिहास सांगताना एकेकट्याच्या किताबांची यादी निघते: रिक फ्लेअर, हल्क होगन, पुढे ‘द रॉक’. त्या यादीत आर्न अँडरसन नाही. हेवीवेट जगज्जेतेपदाचा पट्टा त्याच्या कमरेला कधीच लागला नाही. ज्या मोजपट्टीत असा माणूस बसत नाही, ती मोजपट्टीच तोकडी आहे.

त्याचं खरं नाव मार्टिन लुंडी, गाव जॉर्जियातलं रोम. चेहरेपट्टी पैलवान ओल अँडरसनसारखी म्हणून आडनावही तेच मिळालं. ओलबरोबर तो जोडीची कुस्ती खेळला, मग टली ब्लँचर्डबरोबर.

या कुस्तीचे निकाल आधी ठरलेले असतात, हे खरंच. पण कसब निकालापर्यंतच्या वाटेत असतं. जोडीच्या सामन्यात चौघे असले तरी रिंगणात दोघेच लढतात. बाकीचे दोघे दोरापलीकडे, आपापल्या कोपऱ्यात. खलनायक जोडी समोरच्या एकाला आपल्या बाजूला कोंडते, त्याचा हात नाहीतर पाय धरून पिळत राहते आणि साथीदाराच्या बोटांपर्यंत तो पोचणार तोच मागे ओढते. ‘रॉक अँड रोल एक्स्प्रेस’ या जोडीतला रिकी मॉर्टन असा कोंडला गेला की प्रेक्षक उभे राहून ओरडत. शेवटी हाताला हात लागे, ताजा रॉबर्ट गिब्सन आत येई, आणि एवढा वेळ दांडगाई करणारा आर्न त्याच्या फटक्यासरशी कोसळे. समोरच्याला मोठं करण्याचं हे काम त्याच्याइतकं चोख फार थोड्यांनी केलं.

27 मार्च 1988 ला ग्रीन्सबरोत आर्न आणि टली यांनी जोडीचा किताब गमावला. त्याच रात्री अटलांटिक सिटीत, प्रतिस्पर्धी कंपनीत (आजची डब्ल्यूडब्ल्यूई), ‘डिमॉलिशन’ या जोडीने तिथला जोडीचा किताब जिंकला. पुढे हे दोघे ‘ब्रेन बस्टर्स’ नावाने त्याच कंपनीत गेले आणि 18 जुलै 1989 ला डिमॉलिशनची 478 दिवसांची सद्दी त्यांनीच संपवली.

मानेच्या दुखापतीने 38 व्या वर्षी खेळ थांबला. 25 ऑगस्ट 1997 ला ‘नायट्रो’ या टीव्ही कार्यक्रमात त्याने निवृत्ती जाहीर केली. द्यायला पट्टा नव्हता. ‘फोर हॉर्समन’ या चौकडीतली स्वतःची जागा त्याने कर्ट हेनिगला दिली. पुढच्याच आठवड्यात त्याच कार्यक्रमात दुसऱ्या एका कुस्तीगीराने गळ्याला आधारपट्टा बांधून त्या भाषणाची नक्कल केली. खऱ्याखुऱ्या दुखण्याची ती टवाळी होती, आणि ती दाखवायलाच नको होती.

नंतर अनेक वर्षं डब्ल्यूडब्ल्यूईच्या पडद्यामागे तो इतरांचे सामने बांधून देत राहिला. 2012 मध्ये त्या कंपनीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला स्थान मिळालं ते फ्लेअर, ब्लँचर्ड, बॅरी विंडहॅम आणि मॅनेजर जे. जे. डिलन यांच्यासह, हॉर्समन म्हणून. हा मान योग्यच. पण ‘आर्न आणि टली’ या जोडीचाही तिथे वेगळा सत्कार व्हायला हवा.