रविवारी मीठ सोडलं, शनिवारी सॉस ओतला



आज स्वतःची चूक कबूल करूनच सुरुवात करते. लग्न होऊन धाराशिवला आले, तेव्हा सासूबाईंनी मला रसत्याग शिकवला. दर रविवारी मीठ सोडायचं. गेली चाळीसेक वर्षं हा नियम मी मोडलेला नाही. आणि याच बाईनं कित्येक वर्षं दर शनिवारी घरात चायनीज केलं! नूडल्स, मंच्युरियन, फ्राइड राइस. कांदा नाही, लसूण नाही, आलं नाही, गाजर नाही आणि सूर्यास्ताच्या आत सगळ्यांची पानं उचललेली. याहून चांगलं खाणं ते कोणतं, असं मला वाटायचं.

मागच्या वर्षी यांचं बीपी वाढलं. डॉक्टरांनी विचारलं, मीठ किती खाता? यांच्याआधी मीच म्हणाले, "आमच्याकडे बेतानंच असतं. मी तर रविवारी मीठच खात नाही." डॉक्टर हसले. म्हणाले, "काकू, बीपी काकांचं आहे. घरात सॉस, लोणचं, पापड, पाकिटातलं काय काय येतं, ते लिहून आणा."

मी पडले बी.कॉम. झालेली. घरखर्चाची वही आजही रोज लिहिते, पण मिठाचा जमाखर्च कधी मांडलाच नव्हता. त्या दिवशी चष्मा लावून बाटल्या उलट्या केल्या. लेबलवर मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम लिहिलेलं असतं. त्या आकड्याला अडीचनं गुणलं की मीठ निघतं. सोयासॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे सव्वादोन ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. मी चौघांच्या कढईत चार चमचे सोयासॉस ओतत होते. वर चिली सॉस, त्यावर टोमॅटो सॉस आणि हाताच्या सवयीनं चिमूटभर मीठही. दिवसाचं निम्मं-अधिक मीठ एका ताटलीत! सकाळची भाजी, आमटी, लोणचं वेगळंच. रविवारी जे सोडत होते, ते शनिवारीच आगाऊ भरून ठेवत होते.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालं आहे. पदार्थाच्या आधी 'जैन' लिहिलं की आपण बायका डोळे मिटून घेतो. कांदा-लसूण नाही ना, मग खा! पण कांदा-लसूण काढल्यानं मैदा काही कमी होत नाही, तेल कमी होत नाही, मीठ तर अजिबातच कमी होत नाही. उलट त्यांचा स्वाद गेला म्हणून सॉस जास्त पडतो.

आणि धर्माच्या बाजूनं तरी आपण नीट पाहतो का? आपल्याकडे पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवस. ही मर्यादा मोजणाऱ्या घरात महिनोन्‌महिने आंबवून केलेला सोयासॉस आणि व्हिनेगर कपाटात वर्षभर उभे असतात. मी कुणाला बोल लावत नाही, माझ्याच कपाटात होते.

रंगाचीही तीच गोष्ट. शेजारच्या कर्नाटकात मार्च २०२४ मध्ये सरकारनं गोबी मंच्युरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली. तपासलेल्या १७१ नमुन्यांपैकी १०७ मध्ये असे रंग सापडले होते. त्याच वर्षाच्या सुरुवातीला गोव्यात म्हापसा नगरपालिकेनं तर गाड्यांवर गोबी मंच्युरियन विकायलाच बंदी घातली. कारणं दोन, कृत्रिम रंग आणि अस्वच्छता. फुलकोबी आपल्याकडे किडीमुळे वर्ज्यच असते, त्यामुळे आपण सुटलो असं वाटेल. पण तोच लाल रंग 'जैन मंच्युरियन'मध्ये पडत नाही, याची खात्री कोण देणार?

आता कुणी म्हणेल, मग हे चिनी खाणंच वाईट. तसंही नाही. मुळात मंच्युरियन चीनचं नव्हेच. १९७५ च्या सुमारास मुंबईत नेल्सन वांग या शेफनं ते पहिल्यांदा केलं, असं मानतात. म्हणजे ते आपल्या महाराष्ट्रातलंच! चीनमधल्या बौद्ध मठांत मात्र आजही शाकाहारी स्वयंपाक होतो आणि त्यात कांदा-लसूण वर्ज्य असतात. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. कांदा-लसणाशिवायचं चिनी जेवण म्हणजे काहीतरी लंगडं, अपुरं, असं आपल्याला उगीच वाटत असतं. तिथल्या भिक्षूंनी ते शतकानुशतकं केलं आहे. पालेभाज्या, टोफू, भात, वाफवलेलं, कमी तेलातलं. त्यांच्या घरच्या जेवणाशी आपल्या कोपऱ्यावरच्या गाडीचं नातं तसं लांबचंच.

मग मी 'हेल्दी' करायला घेतलं आणि पहिल्याच शनिवारी फसले. सगळ्या भाज्या उकडल्या, सॉस बंद केला, तेल थेंबभर. अकरावीतल्या नातवानं दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "आजी, हे चायनीज नाही, ही पथ्याची भाजी आहे." पुढच्या आठवड्यात कळलं, तो क्लासवरून येताना मित्रांबरोबर गाडीवर खाऊन आला होता. गाडी लागते दिवेलागणीला. म्हणजे रात्रिभोजन झालं, तेलही तेच, रंगही तोच. मी रागावले तर म्हणाला, "घरचं आवडलं असतं तर गेलो नसतो." मला त्या रात्री झोप लागली नाही. मैत्रिणींनो, नुसतं पौष्टिक करून भागत नाही. बेचव पौष्टिक खाणं घरातल्या मुलांना गाडीकडेच ढकलतं.

मग नीट शिकले. चिनी स्वयंपाकाचं मर्म मोठ्या आचेत आहे. लोखंडी कढई चांगली तापवायची, भाजी धुऊन पूर्ण कोरडी करायची, थोडी थोडी टाकायची आणि दोन-तीन मिनिटांत काढायची. ढीगभर भाजी एकदम टाकली की पाणी सुटतं आणि ती शिजत नाही, उकडते. मोठ्या आचेवर तेल कमी लागतं आणि करकरीतपणाही राहतो. चव आणि तब्येत, दोन्ही एकाच युक्तीत!

आता माझं मंच्युरियन सांगते, चौघांसाठी. कोवळा दुधी किसून दोन वाट्या. आधी मीठ लावू नका, नुसता पिळून घ्या आणि पाणी ठेवा. किसात मावेल तेवढं ज्वारीचं पीठ, दोन चमचे बेसन, मिरेपूड. गोळे तळायचे नाहीत, आप्पेपात्रात प्रत्येक खळग्यात दोन थेंब तेल घालून खरपूस करायचे. रंगाला चार ब्याडगी मिरच्या गरम पाण्यात भिजवून, दोन पिकल्या टोमॅटोंबरोबर वाटायच्या. इतर लोक बीट घालायला सांगतात, ते कंद म्हणून आपल्याला चालत नाही. आल्याच्या जागी पाव चमचा सुंठ. आंबटपणाला व्हिनेगर नको, चिंचेचा कोळ घ्या. खड्याएवढा गूळ. दाटपणाला कॉर्नफ्लोअरऐवजी चमचाभर ज्वारीचं पीठ दुधीच्या त्याच पाण्यात कालवून. ढोबळी मिरची मोठ्या आचेवर परतलेली. शेवटी भाजलेल्या तिळाचा कूट. मीठ चौघांना मिळून सपाट अर्धा चमचा, सुमारे ३ ग्रॅम. म्हणजे माणशी पाऊण ग्रॅम. वहीत तसं लिहूनच ठेवलं आहे!

सॉसशिवाय ती चव कशी येते? जपानच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री वनस्पतीतून एक चव शोधली, त्यातूनच पुढे अजिनोमोटो आलं. पिकलेल्या टोमॅटोतही तीच चव निसर्गतः असते. म्हणून टोमॅटो चांगला आटवा, घाई करू नका.

नूडल्ससाठी ज्वारी आणि तांदळाचं पीठ निम्मं-निम्मं घेऊन उकड काढते, गरम असतानाच सोऱ्यातून पाडते आणि दहा मिनिटं वाफवते. कोकणातले शिरवाळे आठवा, तसेच. त्या दिवशीचं पीठ त्या दिवशी संपतं, मर्यादेचा प्रश्नच उरत नाही. फ्राइड राइसला टोफू घरीच करते. सोयाबीन तर आपल्या जिल्ह्यात घरोघरी पिकतं. रात्रभर भिजवून वाटायचं, गाळलेलं दूध चांगलं उकळायचं, लिंबू पिळून पनीरसारखं दाबायचं. त्याच्याबरोबर दही मात्र घेऊ नका, द्विदल होईल. थाई करी हवी असेल तर बाजारच्या तयार वाटणाचं लेबल आधी वाचा, त्यात बऱ्याचदा वाळवलेली कोळंबी असते. नारळाचं दूध, परसातला गवती चहा, लिंबाची पानं आणि हिरवी मिरची एवढ्यातही छान करी होते. गवती चहाच्या चवीसाठी थायलंडला जायला नको.

माझ्या जाऊबाई म्हणतात, "अगं, इतका खटाटोप कशाला? पिठलं-भाकरी काय वाईट?" वाईट नाहीच. माझं स्वतःचं आवडतं जेवण तेच. पण नातू आपल्या वयाचा नाही. त्याला नुसतं 'नको' म्हटलं तर तो अंधार पडल्यावर बाहेर खातो. 'हे घे' म्हटलं तर साडेपाचला घरात बसून खातो. मी दुसरं निवडलं.

एक मात्र सांगते. आपले नियम डाएट म्हणून विकू नका. रविवारचं मीठ मी बीपीसाठी सोडत नाही, जिभेला आवर घालण्यासाठी सोडते. पण जिभेचा आवर एका वारापुरता नसतो. शनिवारी बाटली उपडी करणारा हात तोच असेल, तर रविवारचं माझं ताट कोणाला दाखवायचं? अवमौदर्यात पोटाला दोन घास कमी सांगितले आहेत, तसे चमच्यालाही कमी चालतील.

यांचं बीपी आता गोळीनं ताब्यात आहे. गोळी सुटली असं मी सांगणार नाही, कारण सुटलेली नाही. पण सोयासॉसची बाटली संपल्यावर मी दुसरी आणलेली नाही. आणि नातू? परवा मित्राला घेऊन आला होता, दिवस मावळायच्या आत.

या शनिवारी तुमच्या कपाटातल्या बाटल्या उलट्या करून पाहा. अडीचनं गुणायला विसरू नका.

जय जिनेंद्र.