नदीचा उतार पायांनी तपासा
कॅलिफोर्नियात ऑबर्नजवळ, अमेरिकन नदीच्या रकी चकी उतारावर मी हिवाळी पूर ओसरला की जातो. काठच्या झुडपांत खांद्याएवढ्या उंचीवर काडीकचरा अडकलेला असतो. पाणी तिथवर चढलं होतं. वेस्टर्न स्टेट्सच्या 100 मैलांच्या शर्यतीत इथे 78 मैल पळून दमलेली माणसं, बहुतेक रात्रीच, दोर धरून नदी ओलांडतात. पाणी जास्त असलं तर रबरी होडीतून.

एका छोट्या शर्यतीत ओढ्यावरचा लाकडी साकव वाहून गेल्याचं आम्हाला त्याच्यापाशी पोचल्यावर कळलं. माझ्या पुढची मुलगी कमरेएवढ्या पाण्यात थरथरत उभी होती. गेल्या वर्षीच्या नकाशावर विसंबणं हा माझ्या मते गुन्हाच. आयोजकांनी पूर ओसरल्यावर आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी, असं दोनदा काठी घेऊन पाण्यात उतरावं.