नुसतं ‘मस्त’ नको!

वडप्याच्या मैत्रिणीने छोट्यांसाठी गोष्ट लिहिली. हायवेलगतच्या गोदामात अडकलेल्या खारूताईची. मी वाचली, ‘मस्त!’ म्हटलं आणि सुटलो. खरं तर शेवटी खारूताई चक्क भाषण ठोकते, ते खटकलं होतं. माझं ‘मस्त’ ही निव्वळ पळवाट होती.

चिऊ-काऊची गोष्ट आठवा. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं. पोरांना तेवढ्यात सगळं कळतं.

दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, ‘ट्रक सुरू होतो तिथे श्वास अडकला. मग भाषण कशाला?’ तिने शेवटच्या चार ओळी स्वतःच खोडल्या.

दोस्तांनो, आवडलेली जागा नेमकी दाखवा, खटकलेली एकच विचारा. मैत्री तुटत नाही, गोष्ट सुधारते.